भाषा बदलावी, व्रत सैल करू नये

आषाढी एकादशीच्या विशेष पानावर ख्रिस्ती धर्माची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात सहज उभा राहील. त्याचे उत्तर सोपे आहे. तरुण पिढी देवळाकडे फिरकेनाशी झाली तर धर्माने आपले रूप बदलावे काय, हा प्रश्न आज आपल्या घरोघरी विचारला जातो. कीर्तनास उभे राहिले की आम्हांसही तो विचारला जातो. पश्चिमेकडील ख्रिस्ती समाजाने हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी स्वतःस विचारला, त्याची निरनिराळी उत्तरे आचरून पाहिली आणि त्यांची फळेही भोगली. शेजारच्या घरातील अनुभव निंदा वा उपहास न करता समजून घ्यावा, यात कमीपणा नाही.

आमच्या शास्त्रकारांनी या विषयाची एक मोजपट्टी देऊन ठेवली आहे. श्रुती अचल, स्मृती देशकालानुसार बदलणारी. एका युगी विहित असलेले कित्येक आचार पुढे कलिवर्ज्य म्हणून सोडून दिले गेले. परंतु ज्यासाठी आचार करावयाचा ते सोडले गेले नाही. 'धर्म' हा शब्दच 'धृ' म्हणजे धारण करणे या धातूपासून आला आहे. तेव्हा धर्म बदलावा की न बदलावा, हा प्रश्नच अर्धवट आहे. त्यातील धारण करणारे काय आणि पांघरलेले काय, हे आधी ठरवले पाहिजे. ही मोजपट्टी लावून ख्रिस्ती धर्माचा इतिहास पाहू.

रूप बदलण्याचे पहिले मोठे उदाहरण आपल्या मायबोलीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला. तो येथील भाषा शिकला आणि ख्रिस्ताचे चरित्र त्याने मराठी ओवीत रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ, 'ख्रिस्तपुराण', १६१६ साली राचोल येथे छापला गेला. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी तशीच काही आम्हांस का देत नाही? नव्या पिढीची ती भूक त्या परदेशी माणसाने ओळखली. त्याने ओवी घेतली, पुराणाची धाटणी घेतली. आपल्या सिद्धांतात मात्र तिळमात्र फरक केला नाही. पुढे १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले आणि लोकांनी पोर्तुगीज बोलावी असा हुकूम झाला. एकाने लोकांची वाणी शिकून धर्म सांगितला, दुसऱ्याने हुकूम देऊन वाणीच तोडली. यांपैकी कोणता मार्ग हृदयापर्यंत जातो, हे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराविषयी आपल्या समाजात मतभेद होते व आहेत. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. आम्हां कीर्तनकारांस त्यांच्याविषयी आपुलकी वाटते ती वेगळ्या कारणाने. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळी बव्हंशी विलायती चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गात. टिळकांनी त्यांच्या हाती अभंग दिला, कीर्तन दिले, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो हे मोकळेपणी सांगितले. ते १९१९ साली निवर्तले, पण महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेत त्यांची पदे आजही गाइली जातात. चाल बदलली, पण पद गाणाऱ्याने गुडघे टेकावेत ही अपेक्षा त्यांनी बदलली नाही.

आता पश्चिमेकडे वळू. रोमन कॅथॉलिक धर्मपीठाची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तोवर मिस्सा हा मुख्य उपासनाविधी लॅटिन भाषेत होत असे. परिषदेनंतर तो लोकभाषांत होऊ लागला, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, ऑर्गनच्या जोडीला ठिकठिकाणी गिटारही आली. हेतू निःसंशय शुद्ध होता. शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला आपण काय प्रार्थना करतो हे कळावे, यात गैर ते काय? परंतु युरोपातील चर्चमधील उपस्थिती त्यानंतरही घटतच गेली. ती या बदलामुळे घटली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. तेथील कुटुंबव्यवस्था, शिक्षण, सुबत्ता सारेच तेव्हा पालटत होते. मात्र केवळ भाषा सुलभ केल्याने तरुण आपोआप परत येत नाहीत, एवढे सिद्ध झाले.

मग काही ठिकाणी आणखी पुढचे पाऊल पडले. इंग्लंडातील रॉचेस्टरच्या प्राचीन कॅथीड्रलमध्ये २०१९ साली उन्हाळ्यात चक्क छोट्या गोल्फचा खेळ मांडण्यात आला. त्याच वर्षी नॉर्विचच्या कॅथीड्रलमध्ये जत्रेत असते तशी ५५ फूट उंचीची घसरगुंडी उभारली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये तरुणतरुणी कानाला यंत्रे लावून नाचली. आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. उंचावरून छताचे मध्ययुगीन कोरीवकाम जवळून दिसावे, जे कधी आत आलेच नसते त्यांनी उंबरा ओलांडावा, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु उंबरा ओलांडून आलेल्याला आत काय मिळाले? घसरगुंडी जत्रेत याहून मोठी मिळते, नाच अन्यत्र याहून चांगला रंगतो. जे बाहेर उत्तम मिळते तेच मंदिर दुय्यम दर्जाचे देऊ लागले, तर तरुणाने तेथे का यावे?

याच्या उलट एक दृश्य पाहा. फ्रान्समध्ये पेंटेकॉस्ट सणाला पॅरिसहून शार्त्र नगरीच्या कॅथीड्रलपर्यंत पायी यात्रा जाते. अंतर सुमारे १०० किलोमीटर, दिवस तीन, रात्री मुक्काम तंबूत. प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र झेंडा आणि बरोबर धर्मगुरू. वाटेत गाणी, जपमाळ, पापनिवेदन. वारकरी वाचकांस ही दिंडी ओळखू येईल. १९८३ पासून चालत आलेल्या या यात्रेत २०२५ साली सुमारे १९ हजार यात्रेकरू होते आणि त्यांत मोठा भरणा तरुणांचा होता. विशेष म्हणजे तेथील मिस्सा जुन्या लॅटिन पद्धतीची असते. या जुन्या विधीस पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली मोकळीक दिली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तिला आळा घातला. वडीलधाऱ्यांत मतभेद असता नातवंडे मात्र पायाला फोड आणीत चालतच राहिली.

म्हणजे लॅटिनमध्येच सारी जादू आहे काय? तसेही नाही. फ्रान्सच्याच बरगंडी प्रांतात तेझे नावाचे खेडे आहे. ब्रदर रॉजे १९४० साली तेथे आले आणि पुढे तेथे एक बंधुसंघ उभा राहिला. तेथे अनेक भाषांतील छोटी छोटी पदे पुनःपुन्हा आळविली जातात. आपल्या नामजपाशी त्याचे नाते लागते. दिवसातून तीनदा प्रार्थना, तीत दीर्घ मौन, राहणी साधी, आणि स्वयंपाक, भांडी, झाडलोट आलेल्या तरुणांनीच करावयाची. तरीही देशोदेशींचे हजारो तरुण तेथे जातात. एकीकडे प्राचीन भाषा, दुसरीकडे अनेक भाषा. समान आहे ती एकच गोष्ट. दोन्ही ठिकाणी तरुणांकडून काही मागितले जाते.

यावर कोणी म्हणेल, की ही मूठभरांची कथा झाली. हा आक्षेप खरा आहे. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांत सर्वांत मोठा गट १८ ते २५ वयाचा होता. परंतु त्याच देशात तान्ह्या बालकांचे बाप्तिस्मे वर्षानुवर्षे घटत आले आहेत. अनेकांना ना यात्रा हवी, ना मौन. त्यांच्यासाठी दार उघडे हवे आणि बोलणे त्यांना समजेल असे हवे, हेही तितकेच खरे. आमचे म्हणणे इतकेच, की दार रुंद करावे, पण गाभाऱ्यात बाजार भरवू नये.

कार्लो अकुतिस या इटालियन मुलाचे उदाहरण येथे बोलके आहे. तो २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. असिसी येथे त्याचा देह जीन पँट आणि खेळाचे बूट अशा वेशात ठेवलेला आहे. संगणकावर त्याने आपल्या धर्मातील चमत्कारकथांचा संग्रह केला. आणि हाच मुलगा दररोज मिस्सेला जात असे. वेश नवा, साधन नवे, नेम मात्र जुना.

तेव्हा ख्रिस्ती धर्माने तरुणांसाठी बदलावे काय? आमच्या अल्प मतीप्रमाणे उत्तर असे: भाषा, चाल, वाद्य, वेश, साधन हे सारे अवश्य बदलावे; स्टीफन्स आणि टिळक यांनी तेच केले. परंतु नेम, मौन, त्याग आणि सेवा यांत सूट देऊ नये. तरुण माणूस कष्टांना भीत नाही. आपल्याकडून कोणी काहीच मागत नाही, याने तो दुरावतो.

असो. आज एकादशी आहे. आपल्या घरातील मुलांना उपवास जमणार नाही म्हणून आपणच आधी त्यांना सूट देऊन टाकतो. या वर्षी सूट देण्यापूर्वी, हे व्रत आपण कशासाठी करतो ते त्यांच्या भाषेत एकदा सांगून पाहावे, आणि मग त्यांनाच विचारावे.