वही एकाची, गाणं दुसऱ्याचं

परवा संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला. बारावी झालेला. रॅप करतो, आपल्याच बोलीत, आणि खरंच चांगलं करतो. मोबाइलवर त्यानं कुठल्याशा म्युझिक कंपनीचा करार दाखवला. तीन पानी, इंग्रजीत. सगळे हक्क कंपनीकडे, कायमस्वरूपी, जगभरासाठी. बदल्यात गाणं रिलीज होणार. पैशाचा आकडा तिन्ही पानांत कुठंच नाही. "सर, सही करू का?" मी थांब म्हणालो, तर शेजारी बसलेले आमचे एक मित्र माझ्यावरच घसरले. "अरे, पोराला आधी फेमस तर होऊ दे. हक्क-बिक्क नंतर बघता येतात."

नंतर बघता येत नाहीत भाऊ. ज्या रॅपवर ही पोरं जीव टाकतात, त्याच रॅपच्या जन्माची गोष्ट सांगतो. थोडं लांबेल, पण वाचा.

न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स हा गरिबांचा भाग. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथं कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून आज तोच दिवस धरतात. पुढच्या पाच-सहा वर्षांत ठेक्यावर यमकं म्हणणारे गट गल्लोगल्ली तयार झाले. त्यातला पट्टीचा गडी म्हणजे ग्रँडमास्टर कॅझ. खरं नाव कर्टिस ब्राऊन. आपली यमकं तो वहीत लिहून ठेवायचा.

कॅझच्या गटाचं काम बघणारा हँक शेजारच्या न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. पिझ्झा करता करता कॅसेट लावायचा आणि कॅझच्या ओळी तिच्याबरोबर म्हणायचा. शुगर हिल रेकॉर्ड्सच्या सिल्व्हिया रॉबिन्सन तेव्हा रॅप करणारी पोरं शोधत होत्या. त्यांना हा सापडला. हँककडं स्वतःचं काही नव्हतं, म्हणून तो कॅझकडं आला. कॅझनं वही पुढं टाकली. घे तुला काय पाहिजे ते. दोस्तीखात्यात झालं सगळं. ना कागद, ना सही.

१९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' आलं आणि जगभर वाजलं. रेडिओवर गाजलेलं हे पहिलं मोठं रॅप गाणं. त्यात हँक जे म्हणतो त्यात कॅझचं जुनं टोपणनाव, कॅसानोव्हा फ्लाय, एकेक अक्षर सुटं करून जसंच्या तसं आलंय. म्हणजे दुसऱ्याचं भांडं उचललं आणि त्यावर कोरलेलं नावही घासलं नाही! एवढा ढळढळीत पुरावा रेकॉर्डवर असूनही कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा.

आता त्याच गाण्याची दुसरी बाजू बघा. त्याचा ठेका शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा. त्या बँडच्या नाइल रॉजर्सनं हे गाणं एका क्लबमध्ये ऐकलं आणि थेट कोर्टाची भाषा केली. कंपनी वाकली. गीतकार-संगीतकार म्हणून रॉजर्स आणि त्याचा जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं लागली. रॉजर्सचं चुकलं असं मी म्हणत नाही, चीज त्याचीच होती. पण गाणं तेच, उचलेगिरी तीच. ज्याच्याकडं वकील होता त्याचं नाव लागलं. ज्याच्याकडं नुसती वही होती तो चाळीस वर्षं मुलाखतीत तेच तेच सांगत बसलाय.

"तेव्हा कुणाला कळत होतं हे सगळं?" असंही म्हणतील लोक. रॉबिन्सनबाईंना कळत होतं. त्या स्वतः गायिका, १९५६ पासून हिट गाणी नावावर. रॉयल्टी कशाशी खातात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि त्याही काळ्याच, कंपनीही काळ्यांच्या मालकीची. आपलाच माणूस आहे, कागद कशाला, हे वाक्य तिथंही चाललं आणि आपल्या तालुक्यातही रोज चालतं.

बरं, ज्यांनी गाणं गायलं त्यांचं तरी भलं झालं का? वंडर माइक आणि मास्टर जी यांना स्वतःच्याच स्टेजवरच्या नावांसाठी भांडावं लागलं. त्यावर २०११ मध्ये माहितीपट आला, 'आय वॉन्ट माय नेम बॅक'. माझं नाव मला परत द्या! याच कंपनीचं १९८२ चं 'द मेसेज' घ्या. वर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशचं, आत आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटीचा. पुढच्याच वर्षी फ्लॅशही कंपनीविरुद्ध कोर्टात.

आणि हो, हिप-हॉपवाले धुतल्या तांदळाचे नाहीत. ग्रेगरी कोलमन या ड्रमरनं १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मध्ये वाजवलेला सहा-सात सेकंदांचा तुकडा हजारो गाण्यांत उचलला गेला. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी पैसे गोळा करून बँडच्या म्होरक्याला सुमारे २४ हजार पौंड दिले. वर्गणी हो. हक्काचा पैसा नाही.

मला हे एवढं का लागतं? वीस वर्षं मी बातम्या पाठवतोय आणि वर छापून येतं 'प्रतिनिधी'. पाणीटंचाईच्या माझ्या एका मालिकेला बक्षीस मिळालं, ते घ्यायला दुसराच गेला होता. फोटोही मीच काढून पाठवलेले.

असो. आपला कायदा त्या मानानं बरा आहे, फक्त कुणी वाचत नाही. शब्द लिहिले की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. म्हणून तर तिथं 'कायमस्वरूपी' आवर्जून लिहितात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा सही करूनही सोडता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले होते.

पोरानं अजून सही केलेली नाही. उद्या अकराला आम्ही तो कागद घेऊन कोर्टासमोरच्या वकील मित्राकडं बसतोय. तुमच्या घरात, गल्लीत कुणाला असला करार आला असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. फी लागणार नाही, चहा मात्र तुमच्याकडून.