जुनी वॅगन घेताना



‘किलोमीटर कमी आणि सर्व्हिस बुक भरलेले, तर जुनी आलिशान गाडी डोळे झाकून घ्या’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला अजिबात पटला नाही. 2018 साली भारतात आलेली मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेनचेच उदाहरण घ्या. ही वॅगन एअर सस्पेन्शनवर उभी असते. त्यातला रबरी फुगा चिरला की हवा हळूहळू निघून जाते, कॉम्प्रेसर जादा चालून जळतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा. सकाळी सुरू करण्याआधी चारही कोपरे पाहा. एखादा बसला असेल तर खिसा रिकामा झालाच समजा. मग आमच्या चौकहून खोपोलीमार्गे बोरघाट चढा, गिअर बदलताना धक्का बसतो का बघा. सीटबेल्टही पार शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचे गालिचे बदलले, तरी पट्ट्याच्या मुळाशी गाळाची रेघ राहू शकते.

– एक वाचक, चौक, ता. खालापूर