शोध कोणाचा, मालकी कोणाची?

जागतिक बौद्धिक संपदा संघटना दरवर्षी राष्ट्रांची एक क्रमवारी प्रसिद्ध करते. नव्या कल्पना शोधून त्या व्यवहारात उतरविण्यात कोणता देश कितवा, हे तीत सुमारे ऐंशी निकषांवर ठरविले जाते. २०२५ च्या यादीत १३९ देशांमध्ये भारताचा क्रमांक अडतिसावा लागला. २०१५ साली तो एक्याऐंशीवा होता. या प्रगतीचा डंका सत्ताधारी पक्षाने पिटावा, यात नवल नाही. देश एवढा विशाल, बाजारपेठ एवढी प्रचंड, तरुणांची संख्या एवढी मोठी. आता आपल्याला कोण अडवणार, असा हा सूर आहे. दुसरीकडे आपल्याच चळवळीतील काही मित्र म्हणतात, की हा श्रीमंत राष्ट्रांचा खेळ आहे. दरिद्री देशाने आधी पोटाची सोय पाहावी. एकाला देशाच्या आकाराचा भरवसा वाटतो, दुसऱ्याला देशाच्या दारिद्र्याची धास्ती वाटते. परंतु माणसाच्या बुद्धीला फळ कशामुळे येते, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. समाजवाद्यांनी तो विचारला पाहिजे.

प्रथम त्या यादीचीच साक्ष काढू. २०११ पासून तिच्या अग्रभागी असलेल्या स्वित्झर्लंडची लोकसंख्या सुमारे नव्वद लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहरापेक्षाही कमी आहे. दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडन एक कोटीच्या घरात आहे, आणि पाचवे सिंगापूर तर एक शहरच आहे. उलट भूभागाने जगात सर्वांत मोठा असलेला रशिया आणि दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठा देश ब्राझील, हे दोघेही भारताच्या मागे आहेत. तेव्हा आकाराने काही ठरत नाही, हे उघड आहे.

संपत्तीचे काय? येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की यादीच्या वरच्या टोकाला बहुतेक धनाढ्य देशच आहेत. प्रयोगशाळा, विद्यापीठे, यंत्रसामग्री यांना पैसा लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेलाच्या पैशात लोळणाऱ्या आखाती राष्ट्रांपैकी एकही पहिल्या वीसांत नाही. आणि दरडोई उत्पन्नात त्यांच्या पासंगालाही न पुरणारा भारत आपल्या उत्पन्नगटात पहिला आहे. म्हणजे संपत्तीचा उपयोग होतो, पण निकाल तिच्या हाती नसतो.

शिवाय आधी काय आले आणि मागून काय, हेही तपासले पाहिजे. आज पेटंटांचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत पेटंटचा राष्ट्रीय कायदा नीट उभाही राहिला नव्हता, आणि रसायनांच्या प्रक्रियांना त्याचे संरक्षण १९०७ मध्ये मिळाले. बाझलचे रंगकारखाने तोवर जर्मनांचे शोध उचलून शिकत होते, मोठे होत होते. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया आपल्यासारखाच गरीब देश होता. आज तो या यादीत चौथा आहे. मधल्या काळात आकाश फाटून सोने पडले नाही. युद्धाच्या आगेमागे तेथे कुळांना जमिनी मिळाल्या, जमीनदारांचे वर्चस्व मोडले आणि गावोगावची मुले शाळेत गेली. या यशाची किंमतही विसरून चालणार नाही. शिवणकारखान्यांतील अमानुष वागणुकीचा निषेध म्हणून जन ते-इल या तरुण कामगाराने १९७० मध्ये सोलच्या रस्त्यावर स्वतःला पेटवून घेतले. हुकूमशाहीने पिळलेल्या घामाचे कौतुक आम्हांस करावयाचे नाही. परंतु जमिनीचे फेरवाटप आणि सार्वत्रिक शिक्षण यांची पायाभरणी आधी झाली आणि श्रीमंती मागून आली, हा धडा मात्र घेतलाच पाहिजे.

हा धडा शिकण्यासाठी कोरियाला जावयाची गरज नाही. तो आपल्या महाराष्ट्रातही लिहिलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तो १९०३ च्या सुमारास. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो बराच काळ विकलाच गेला नाही. पुढे तेथील जागाही सोडावी लागली. बेळगाव हे मुंबई इलाख्यातील शहर आणि मुंबई इलाखा हा साम्राज्यातील सर्वांत संपन्न प्रांतांपैकी एक. त्या संपन्न प्रांतात या कारखान्याला थारा मिळाला नाही. तो मिळाला औंध संस्थानात. विखुरलेल्या तुकड्यांचे, जेमतेम पाचशे चौरस मैलांचे, एक लाखाच्या आतल्या वस्तीचे आणि बेताच्या उत्पन्नाचे हे संस्थान होते. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, पैशांचे साह्य केले आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. काचसामानासाठी आणि प्रभाकर कंदिलासाठी नावाजलेला ओगले बंधूंचा कारखानाही याच संस्थानाच्या आश्रयाने वाढला. १९३९ मध्ये आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती सोपविणारी राज्यघटना स्वीकारणारे संस्थानही हेच, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. किर्लोस्करांचे पुढे बडे भांडवलदार घराणे झाले, हे खरे. पण त्या रोपट्याला पहिले पाणी घातले ते सार्वजनिक जमिनीने आणि सार्वजनिक तिजोरीने. नफेखोर सावकाराने ज्या नांगरावर दमडी लावली नसती, त्यावर एका लहान राज्याने विश्वास टाकला.

याच्या नेमकी उलट कथा चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावची आहे. दादाजी खोब्रागडे या दलित शेतकऱ्याचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले आणि शेती दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवदार, भरघोस उतार देणारा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून बाजारात त्याचे नाव ‘एचएमटी’ पडले. हा तांदूळ विदर्भातून शेजारच्या राज्यांत पसरला आणि व्यापाऱ्यांनी त्यावर अमाप पैसा केला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ते बियाणे शुद्ध करून १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले. शेतकऱ्याच्या वाणावर शेतकऱ्याचा हक्क मानणारा केंद्रीय कायदा झाला तो २००१ मध्ये. दादाजींना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, परदेशी मासिकांनी त्यांची दखल घेतली. पण स्वामित्वधन म्हणून त्यांच्या घरात काही आले नाही. २०१८ मध्ये आजारपण आणि आर्थिक ओढाताण यांतच त्यांचे निधन झाले.

कार्यकर्त्यांनी या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. औंध लहान आणि गरीब होते, दादाजींचे शेतही लहान आणि त्यांचे घरही गरीब. बुद्धीची वाण दोन्हीकडे नव्हती. फरक पडला तो त्या बुद्धीच्या पाठीशी समाज उभा राहिला की तिच्या खांद्यावर चढून दुसरेच कोणी मोठे झाले, यात. आणि हेही लक्षात घ्या, की दादाजींचा वाण दूरदूरच्या राज्यांत पिकला, तरी तो कोणत्याही जागतिक क्रमवारीच्या हिशेबात आला नसावा. कारण तेथे मोजदाद होते ती पेटंटांची, शोधनिबंधांची आणि साहस-भांडवलाची. यादीने न मोजलेले शोध हीच गरीब देशाची खरी ठेव असते आणि तीच सर्वांत आधी लुटली जाते.

आमचे म्हणणे अधिक जवळून पाहावयाचे असेल, तर वसई तालुक्यातील उमेळ्यास यावे. नायगाव आणि वसई रोड या स्थानकांच्या पश्चिमेस हे गाव आहे. बाजूला खाडी व मिठागरे, आणि तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या केळीच्या, पानवेलीच्या व फुलांच्या वाड्या. नाशवंत राजेळी केळे उन्हात सुकवून, बांधून, महिनोन्‌महिने टिकणारी सुकेळी करण्याची विद्या याच भूमीतील बायाबापड्यांनी घडविली. तिचे पेटंट कोणाच्या नावावर नाही. प्रयोगशाळेवाचून झालेले हे संशोधनच होते. त्याला लागणारे भांडवल म्हणजे विहिरीचे गोडे पाणी, स्वतःची वाडी आणि आजीकडून नातीकडे आलेले ज्ञान. त्यातील पाणी टँकरवाल्यांनी उपसले आणि वाडी इमारतवाल्यांनी गिळली, तेव्हा ज्ञान एकटे किती दिवस तग धरणार? १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती झाडांच्या हौसेखातर नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी संघर्ष केला, त्यांवरच येथल्या माणसांचे कौशल्य उभे होते.

आता रेल्वेरुळांच्या पूर्वेस पाहा. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान लहान गाळ्यांतून असंख्य कारखाने चालतात. उमेळ्यासारख्या गावांतील आणि दूरच्या प्रांतांतून आलेली तरुण मुले तेथे बारा बारा तास यंत्रांवर उभी असतात. सुटा भाग साच्यात अडकू नये म्हणून एखादा कामगार पत्र्याची पट्टी वाकवून एक युक्ती करतो. वेळ वाचतो, बोटे वाचतात, माल कमी वाया जातो. त्या युक्तीचे पुढे काय होते? मालक ती वापरतो. कामगार कंत्राटी असतो. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या गाळ्यात जातो आणि त्याची युक्ती त्याच्याबरोबर तरी जाते किंवा त्याच्यावाचून राहते. उद्या आपण कामावर असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने यंत्र सुधारण्याचा विचार कोणासाठी करावा? आणि वाचलेल्या वेळाचा अर्थ चार माणसे कमी करणे असाच होणार असेल, तर शहाणा कामगार आपली युक्ती मनातच ठेवील.

देशाच्या पातळीवरही हेच चित्र आहे. २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार भारताने संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च केले. चीन दोन टक्क्यांच्या बराच पुढे आहे, कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्या या तुटपुंज्या खर्चातही खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक. कोरियात आणि चीनमध्ये तो तीन चतुर्थांशांच्या पुढे जातो. म्हणजे स्वस्त मजूर, सवलतीची जमीन आणि करमाफी यांवर पोसलेल्या आपल्या भांडवलदारवर्गाला संशोधनाची गरजच भासलेली नाही. जेथे मजुरी पिळून नफा मिळतो, तेथे यंत्र सुधारण्याची तोशीस कोण घेणार? याच वर्गाला संशोधनास प्रवृत्त करण्यासाठी २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैसा जनतेचा, त्यातून निघणाऱ्या शोधांवर जनतेचा हक्क किती, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाही.

सार्वजनिक निर्णय काय करू शकतो, याचे उदाहरण याच देशाने घालून दिले आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील वस्तु-पेटंट नाकारले आणि केवळ प्रक्रियेचे पेटंट मान्य केले. त्या आधाराने, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्ससारख्या सार्वजनिक कारखान्यांत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत घडलेल्या मनुष्यबळाच्या साह्याने, भारतीय औषधउद्योग उभा राहिला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांना देऊ केला. बहुराष्ट्रीय कंपन्या त्यासाठी दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना जगण्याची वाट मोकळी झाली, त्यामागे भारताची श्रीमंती नव्हती, एका गरीब देशाच्या संसदेने केलेला कायदा होता. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींपुढे मान तुकवून २००५ मध्ये आपण वस्तु-पेटंट पुन्हा मान्य केले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला. थोड्या भांडवलावर चालणारे, खेड्यात दुरुस्त होणारे, माणसाला गुलाम न करणारे यंत्र गरीब देशाने स्वतः घडविले पाहिजे, हे त्याचे सार होते. आपण ते भाषणांतून उद्धृत केले. पण असे किती यंत्रकार, किती बीजनिवडे शेतकरी आपण संघटनेच्या जवळ आणले? मजुरीच्या लढ्याला आपण वाहून घेतले, ते योग्यच केले. कामगाराच्या हातांचा मोबदला मागताना त्याच्या डोक्याचा मोबदला मागावयाचे मात्र राहून गेले.

ती उणीव भरून काढण्याचे काम आता हाती घेतले पाहिजे. सार्वजनिक पैशातून होणारा शोध सार्वजनिक मालकीचा राहिला पाहिजे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी तालुक्याच्या ठिकाणी, विनामूल्य आणि त्याच्याच नावाने झाली पाहिजे. कामगाराने सुचविलेल्या सुधारणेचा लाभ त्याला मिळावा आणि तिच्यामुळे कोणाचीही नोकरी जाऊ नये, हे कलम युनियनच्या प्रत्येक करारात आले पाहिजे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली लागलेल्या मुलांना झाडू मारावयास न लावता खरोखर विद्या दिली जाते की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांत जाऊन पाहिले पाहिजे. वसईच्या औद्योगिक पट्ट्यापासून याचा आरंभ करता येईल.

पुढील वर्षी नवी यादी येईल. भारत एखादा क्रमांक वर जाईल किंवा खाली येईल आणि त्यावर चर्चा झडतील. आमचे मोजमाप निराळे आहे. नागभीडच्या शिवारातला एखादा नवा दादाजी आपल्या वाणाचा धनी होऊन म्हातारपण सुखाने घालवील, उमेळ्याची एखादी मुलगी गाळ्यातल्या यंत्राला नवा भाग जोडील आणि त्यावर तिचे नाव राहील, त्या दिवशी देश पुढे गेला असे आम्ही म्हणू. तो दिवस आणण्यासाठी देश मोठा किंवा श्रीमंत होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.