काकवीची बिस्किटे : खाऊ की पथ्य?

‘डॉक्टर, साखर पूर्ण बंद केली आहे. चहाबरोबर फक्त घरी केलेली गुळाची बिस्किटे खातो,’ असे सांगणारे मधुमेही अलीकडे वरचेवर भेटतात. बेकरीचे ते वाईट आणि घरचे ते चांगले, साखर वाईट आणि गूळ चांगला, अशी सरळ वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा मात्र रुग्णाला महागात पडतो.

घरोघरी लहान ओव्हन आल्यापासून काकवी आणि सुंठ घालून केलेली मऊ बिस्किटे आवडीने केली जाऊ लागली आहेत. हा प्रकार मुळात अमेरिकेतला. तिथे त्यात ‘मोलॅसिस’ घालतात. मोलॅसिस म्हणजे मळी; उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट द्रव. तिकडे खाण्यायोग्य मळी दुकानात मिळते. आपल्या कारखान्यांची मळी मुख्यत्वे मद्यार्कासाठी जाते, ती स्वयंपाकघरात आणण्याची वस्तू नव्हे. काकवी निराळी. गुऱ्हाळात रस आटत असताना गूळ होण्यापूर्वी काढून घेतलेला पाक म्हणजे काकवी. तिच्यातून साखर काढून घेतलेली नसते, हे येथे विशेष लक्षात ठेवावे.

बिस्किट मऊ राहते तेही या साखरेमुळेच. रस आटताना साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनते. विशेषतः फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवते, म्हणून साखरेचे बिस्किट कुरकुरीत होते आणि काकवीचे नरम राहते. शिवाय काकवी किंचित आंबट असल्याने खाण्याच्या सोड्याशी तिचा संयोग होऊन वायू सुटतो आणि बिस्किट फुगते.

आता कृती पाहू. २०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम साजूक तूप, १५० ग्रॅम काकवी, एक लहान चमचा सुंठपूड, थोडी दालचिनी, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा सोडा. तूप आणि काकवी फेसून घ्यावी, त्यात कोरडे जिन्नस मिसळावेत आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. २० सारखे पेढे वळून किंचित दाबावेत आणि १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजावेत. कडा घट्ट झाल्या आणि मध्यभाग अजून मऊ असला, की बाहेर काढावेत. निवताना ते आपोआप बसतात. अधिक भाजल्यास कडक होतात.

घरी करण्याचा खरा फायदा असा, की प्रत्येक जिन्नस आपल्या नजरेखालून जातो. मैद्याऐवजी कणीक घेता येते, वनस्पती तूप टाळता येते. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असल्याने आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे आपल्याला हिशेब करता येतो. तो आज करूनच पाहू.

१५० ग्रॅम काकवीत सुमारे १०० ग्रॅम साखर असते. म्हणजे वरीलपैकी एका बिस्किटात ५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम तूप आणि सुमारे १०० उष्मांक. दोन बिस्किटे म्हणजे मध्यम आकाराच्या एका भाकरीइतके उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. या मोजणीत गूळ, काकवी, मध सारेच येते. पाच बिस्किटे खाल्ली, की ते २५ ग्रॅम संपले; चहातली साखर अजून मोजायचीच आहे.

मधुमेहींनी हे नीट समजून घ्यावे. काकवीचा रंग काळा असला तरी रक्तात गेल्यावर ती साखरच. जोडीला कणकेतील पिष्ट आहेच. साखर सोडून गूळ धरल्याने पथ्य होत नाही, उलट ‘हे चालते’ या समजुतीने दोनाऐवजी चार खाल्ली जातात.

दुसरा गैरसमज लोहाचा. अशक्त मुलीला ‘रक्त वाढेल’ म्हणून काकवीची बिस्किटे देणाऱ्या आया पुष्कळ आहेत. गुळात लोह असते हे खरे. परंतु प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची, आणि १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच लोह मिळते. त्यात बिस्किट चहाबरोबर खाल्ले, तर चहातील टॅनिन त्या थोड्याशा लोहाचेही शोषण रोखते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा प्रश्न बिस्किटांनी सुटणारा नव्हे. मुलगी दमत असेल, फिकट दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. जेवणात पालेभाजी, कडधान्ये आणि वर लिंबू असावे.

ही बिस्किटे करून विकणाऱ्या भगिनींनाही एक विनंती. आपला माल घरगुती आहे, त्यात डालडा नाही, हे अवश्य लिहा. ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असे मात्र लिहू नका. गिऱ्हाईक विश्वासाने खाते आणि त्याची किंमत त्याचे डोळे आणि मूत्रपिंड चुकवतात.

तात्पर्य, बिस्किटे जरूर करावीत, पण महिन्यातून एकदोन वेळा आणि खाऊ म्हणून. शाळेतून आलेल्या निरोगी मुलाला एखाददुसरे द्यावे आणि नंतर चूळ भरायला लावावी, कारण काकवी दातांना चिकटते. मधुमेहींनी ‘गुळाचे आहे’ म्हणून सूट घेऊ नये. कधी एखादे खायचेच झाले, तर आपल्या डॉक्टरांना विचारून, त्या जेवणातली पोळी किंवा भात तेवढा कमी करून खावे. आणि डबा टेबलावर न ठेवता फडताळात ठेवावा, म्हणजे येता-जाता हात जात नाही.