आठवे घर

मांजरी आपल्या पिलांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. पण त्याच मांजरीचे वय झाले, म्हणजे तिला शेजारची खोलीदेखील परमुलूख वाटू लागते. तरुणपणी तिचा सगळा संसार तोंडात मावतो. म्हातारपणी तो खिडकीत येणाऱ्या उन्हाच्या एका ठराविक कवडशात स्थिरावतो. अशा मांजरीला पुण्याहून रत्नागिरीला, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर, मोटारीने न्यायचे हे लग्नाचे वऱ्हाड नेण्याहून कठीण काम आहे. वऱ्हाडाला निदान वाटेत चहा पाजून गप्प करता येते!

आमची इमारत पुनर्विकासासाठी पाडायची ठरली आणि आईने रत्नागिरीच्या जुन्या घरी जाऊन राहावे, असे सर्वानुमते ठरले. प्रश्न उरला तो तिच्या चिमाबाईंचा. चिमाबाईंचे वय चौदा. माणसाच्या हिशेबाने हे वय सत्तरीपलीकडचे. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "अहो सर, मांजर माणसाचं नसतं, वास्तूचं असतं. इथंच राहू द्या. वॉचमन घालील की दूध!" पण वास्तूच जमीनदोस्त व्हायची होती, मग मांजर राहणार कुणाचे? शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, ही गोष्ट वॉचमनला काय, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हती.

आई मात्र एवढेच म्हणाली, "मला न्यायचं ठरवलंत, तेव्हा मला कुठं विचारलंत? मग तिचीच एवढी चर्चा कशाला?"

चर्चा तिथेच संपली.

पहिली फेरी जनावरांच्या डॉक्टरांकडे झाली. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार आणि सांधेदुखी फार आढळते. म्हणून त्यांनी रक्त तपासले, वजन केले आणि प्रवासाची धास्ती कमी व्हावी म्हणून गॅबापेंटिन हे औषध मोजून लिहून दिले. निघण्यापूर्वी एक दिवस ते घरीच देऊन पाहा, असेही बजावले. भर घाटात प्रयोग नको. माणसांचे औषध मात्र मनाने कधीही देऊ नये. आपण डोके दुखले की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसरी तयारी पिंजऱ्याची. पिंजरा आयत्या वेळी माळ्यावरून काढला, की मांजर ओळखते, आता डॉक्टर! म्हणून आम्ही तो तीन आठवडे आधीच दिवाणखान्यात उघडा ठेवला. आत आईच्या जुन्या सुती पातळाची घडी घातली आणि रोजचा एखादा घास तिथेच ठेवू लागलो. पहिले चार दिवस चिमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या पातळावर झोपू लागल्या.

निघालो ते फेब्रुवारीत, पहाटे पाचला. ऊन चढण्यापूर्वी बरेच अंतर काटावे, हा हेतू. खाणे चार तास आधी दिले होते, तेही थोडेच. भरल्या पोटी वळणे सोसत नाहीत. पाणी मात्र बंद केले नव्हते. पिंजरा मागच्या आसनावर पट्ट्याने घट्ट बांधला आणि वर विरळ कापड टाकले. बाहेरची पळती झाडे दिसली नाहीत, म्हणजे मांजराचा जीव जरा निवतो. खेड शिवापूरपर्यंत चिमाबाईंनी आमच्या साऱ्या घराण्याचा उद्धार केला. पुढे आवाज थकला. कराडला थांबलो तेव्हा आम्ही आळीपाळीने उतरलो. गाडीत एक जण सतत बसून होता. बंद मोटारीत उन्हाने दहा मिनिटांत तापमान दहा-एक अंशांनी चढते, आणि किलकिल्या दारातून निसटलेले मांजर परक्या गावात पुन्हा हाती लागणे कठीण.

कुंभार्लीच्या घाटात त्या तोंड उघडून धापा टाकू लागल्या. कुत्र्याने धापा टाकल्या तर त्यात विशेष काही नाही. मांजराने टाकल्या तर ते भ्याले आहे, तापले आहे किंवा आजारी आहे. गाडी सावलीत बाजूला घेतली, यंत्र चालू ठेवून आत गारवा राखला. आईने जाळीला बोटे लावली आणि काही न बोलता बसून राहिली. दहा मिनिटांत श्वास सावरला. नसता सावरला, तर चिपळूणला डॉक्टरांचे दार गाठायचे, हे ठरलेले होते.

रामानुज संप्रदायातल्या पंडितांचा एक जुना वाद आहे. भक्ताने माकडाच्या पिलासारखे आईला घट्ट धरावे, हा मर्कटन्याय. की मांजराच्या पिलासारखे स्वस्थ राहून तिने नेईल तिकडे जावे, हा मार्जारन्याय? वाद पिलांचा आहे. म्हाताऱ्या मांजराला कोणत्या न्यायाने न्यावे, हे कोणी सांगितलेले नाही. त्याला मानगुटीला धरून उचलता येत नाही, ते दुखते. त्याचा विश्वास तीन आठवडे खपून, एका जुन्या पातळाच्या वासावर मिळवावा लागतो.

रत्नागिरीत चिमाबाईंना पहिले काही दिवस एकच खोली दिली. वाडगे जुनेच, वाळूचे तबक जुनेच आणि पातळ मुद्दाम न धुतलेले. पहिली रात्र त्यांनी पलंगाखाली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार घास खाल्ले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतावर बेतते. अंगण पाहायला मात्र त्यांना तीन आठवडे थांबावे लागले.

आता दर रविवारी फोन होतो. आई सांगते, "चिमी मजेत आहे. तुळशीपाशी ऊन खात पडते. तिला इथलं पाणी मानवलं."

तिला स्वतःला मानवले की नाही, हे मी दर रविवारी विचारतो. ती पुन्हा चिमीचेच सांगू लागते.