लांबच्या मुक्कामाचं बळ

परभणीच्या मासिकानं परदेशप्रवासावर अंक का काढावा? ज्या नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, ती नरसी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. दूर जाऊन तिथल्यांचं होऊन राहणं आपल्याला नवं नाही.

परदेशाचं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंइतकं मोठं उदाहरण मला दिसत नाही. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ साली त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. व्याख्यानं देत गावोगाव हिंडल्या, बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, बायकांच्या संघटना कशा चालतात ते जवळून पाहिलं. परतल्यावर १८८९ सालीच मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही आलं. तिथल्या वंशभेदाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. पंधरा दिवसांच्या सहलीत हे हाती लागत नाही.

अलीकडे मीना प्रभूंनी इराण, तुर्कस्तान, दक्षिण अमेरिका अशीच स्वतःच्या हिमतीवर पालथी घातली.

आज व्हिसाच्या मुदती आड येतात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तरीही दहा देश धावत बघण्यापेक्षा एका गावात महिनाभर राहणं मला मोलाचं वाटतं. तिथला बाजार करावा, एसटीसारख्या साध्या बसनं फिरावं, रोज चार ओळी लिहाव्यात.

जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडची जी मुलं-मुली आज परदेशी आहेत, त्यांच्यापर्यंत घरच्यांनी हा अंक पोचवावा. तिथलं रोजचं जगणं त्यांनी आम्हाला जरूर लिहून पाठवावं.