कोणते बोट, किती वाजता?

"डॉक्टर, रात्री हात जड होतो, मुंग्या येतात. लकवा तर नाही ना?" चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडून हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. त्यावर बहुतेक वेळा कॅल्शियम, बी-१२ आणि पाच दिवसांची वेदनाशामक गोळी लिहून दिली जाते. हे थांबायला हवे. फार थोडी दुखणी अशी असतात, की नुसते विचारून आणि चाचपून त्यांच्या निदानाच्या इतके जवळ जाता येते.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात, ते आधी विचारावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी मोकळी, मध्यरात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. एवढे कळले की कार्पल टनेल सिंड्रोम जवळपास ठरला. मनगटाच्या त्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन आणि एक मीडियन नर्व्ह जाते. आत थोडी सूज आली तरी नस दबते. साखर आणि थायरॉइड तपासायचे ते यासाठीच. गरोदरपणाचेही विचारावे.

मग दोन्ही तळवे शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पाहावा. एका हाताचा सपाट झाला असेल, अंगठा तळव्यापासून वर उचलताना जोर लागत नसेल, तर गोळ्यांत आणखी महिने घालवू नयेत, शल्यविशारदाकडे पाठवावे. त्याआधीच्या टप्प्यावर रात्रीचा स्प्लिंट चांगला उपयोगी पडतो, पण मनगट सरळ ठेवणारा. बाजारातल्या अनेक स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवते आणि त्याने बोगद्यातला दाब वाढतो. ती पट्टी बाहेर काढून, सरळ करून मगच रुग्णाच्या हातात द्यावी. क्रेप बँडेज म्हणजे स्प्लिंट नव्हे.

बाळंतिणीचे मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखत असेल तर ते बहुधा द करव्हेनचे दुखणे. या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे वाकवण्याची चाचणी आपण फिंकेलस्टाइनच्या नावाने करतो. ती खरे तर आयकहॉफची आहे आणि निरोगी हातालाही दुखवते, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर निदान करू नये. काखेत हात घालून, अंगठे ताणून बाळ उचलण्याऐवजी तळवे वर करून त्याला खालून कसे घ्यायचे, हे आईला आणि तिच्या सासूलाही करून दाखवावे. स्प्लिंटमध्ये अंगठाही धरला गेला पाहिजे. तेवढ्याने भागले नाही तर स्टेरॉइडचे इंजेक्शन बहुतेकींना आराम देते. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढेल, हे आधीच सांगून ठेवावे.

"हाताला विश्रांती द्या" हा सल्ला मात्र मला पटत नाही. दोन्ही वेळा धारा काढणाऱ्या, सोलापुरात विड्या वळणाऱ्या, घरचे धुणे पिळणाऱ्या बाईने तो पाळायचा कसा? पिळण्याऐवजी कपडे निथळत ठेवा, चादरी दुसऱ्या कुणाला पिळू द्या, असे नेमके सांगावे. तेही घरच्या माणसांसमोर.

तळहातावर पडलेल्या तरुणाच्या अंगठ्यामागच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी स्कॅफॉइडचे फ्रॅक्चर समजूनच प्लास्टर घालावे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. या हाडाचा रक्तपुरवठा दूरच्या टोकाकडून येतो, त्यामुळे चुकलेले निदान फार महागात पडते.

आणि करंगळी बधिर असेल तर कोपरामागची अल्नर नर्व्ह बोटांखाली फिरवून पाहावी. ती दोरीसारखी जाड लागली, अंगावर कुठे बधिर चट्टा दिसला, तर आधी कुष्ठरोगाचा विचार करावा. त्याची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बोटे वाकडी होण्याआधी रुग्णाला तिथे पोहोचवणे आपल्याच हातात आहे.